फ्रिजवरचा तक्ता आणि 'आब्लार'ची सतरा रूपडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ५२, नाशिकला असते. लेक शिकायला व्हॅलेन्सियाला गेली आणि तिथल्या घरमालकीणबाई व्हिडिओ कॉलवर माझ्याशी भडाभडा बोलतात, मला ओ की ठो कळत नाही, म्हणून स्पॅनिशचा ऑनलाइन क्लास लावला. तीन महिने बरे गेले. आता सरांनी 'आब्लार' म्हणजे बोलणे ह्या एकाच क्रियापदाचा तक्ता पाठवलाय, सतरा रकाने आणि जवळजवळ प्रत्येकात सहा-सहा रूपं. प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय, दूध काढायला गेलं की धडकी भरते. वर म्हणतात हे 'रेग्युलर' क्रियापद आहे! शाळेत गच्छति गच्छतः गच्छन्ति घोकलं तसं हे घोकू का? आणि सुब्खुन्तीवो म्हणून जो प्रकार आहे तो तर अजिबात झेपत नाहीये. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तो तक्ता काढा फ्रिजवरून. खरंच. माझ्याकडे पण होता, कपाटाच्या दाराला आतून, आणि त्यातून मी काय शिकले तर कपाट न उघडणं.

सतरा रकान्यांतले आठ तर निव्वळ भरती आहेत. तिथे 'आब्लार' बदलतच नाही, 'आब्लादो' असं एकच रूप करून बसतं आणि पुढे 'आबेर' नावाचं मदतनीस क्रियापद सगळी पळापळ करतं. 'ए आब्लादो' म्हणजे मी बोलल्येय, 'आ आब्लादो' म्हणजे तो किंवा ती बोललेय. आपल्याकडे 'बोलले आहे, बोलले होते, बोलले असेन' ह्यात 'असणे' राबतं ना, तसंच. एकदा आबेर आलं की हे आठही रकाने आले, आणि आबेर सगळ्याच क्रियापदांना लागत असल्याने ते एकदाच शिकायचंय.

राहिले नऊ. आता एक खूण ठरवू, कारण स्पॅनिशमध्ये शब्दात जोर कुठे पडतो ह्यावर अर्थ फिरतो. जिथे शेवटच्या भागावर जोर आहे तिथे मी ऽ लावणारे. बाकी ठिकाणी जोर शेवटून दुसऱ्या भागावर समजा (आब्लाबामोससारख्या लांबड्या रूपांत तो आणखी एक घर मागे असतो, ते कानाला आपोआप कळतं).

वर्तमानकाळ असा : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाऽइस, आब्लान. म्हणजे मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते. आता नुसत्या शेपट्या बघा : तूला स, आम्हीला मोस, तुम्हीला इस, त्यांना न, आणि तो/तीला काहीच नाही. ह्या शेपट्या जवळजवळ सगळ्या रकान्यांत तशाच राहतात, फक्त साधा भूतकाळ आणि आज्ञार्थ थोडे वेगळं वागतात. म्हणजे पाठ करायचंय ते मधलं, शेपटी नाही. सवयीच्या भूतकाळात मध्ये 'आबा' येतं : आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. मी आणि तो ह्यांचं रूप सारखंच झालं म्हणून घाबरू नका, पुरुषमंडळी 'मी बोलतो, तो बोलतो' म्हणतात तेव्हा कुठे गोंधळ होतो आपला.

आणि हो, एक फुकटचा फायदा. स्पॅनिश क्रियापदाला बाई-पुरुष काही नसतं. तुम्ही म्हणालात तरी आब्लो, तुमचे मिस्टर म्हणाले तरी आब्लो. मराठीत बोलतो, बोलते, बोलतं, बोललो, बोलले, बोललं एवढं सगळं सांभाळत आपण मोठे झालो आणि वर 'मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली' असं क्रियापद आंब्याच्या मागे पळवतो! बाहेरून मराठी शिकणारा कोणी आपला तक्ता फ्रिजवर लावेल तर त्याला दुसरा फ्रिज घ्यावा लागेल.

आता भूतकाळ, कारण तुमचं तिथे अडणारच. दोन आहेत. साधा : आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. आणि वर दिलेला आब्लाबावाला. इंग्रजीतून समजून घ्यायला गेलात तर डोक्याचा भुगा होईल, मराठीतून दोन मिनिटांत होतं. 'बोलले' म्हणजे आब्लेऽ. 'बोलायचे' किंवा 'बोलत होते' म्हणजे आब्लाबा. लहानपणी आजीशी मालवणीत बोलायचे, तिथे आब्लाबा. काल मालकीणबाईंशी बोलले, आब्लेऽ. 'मी फोनवर बोलत होते तेव्हा आई आली' ह्याचं 'आब्लाबा पोर तेलेफोनो क्वान्दो येगोऽ मि माद्रे' होतं, बोलणं चालू होतं म्हणून आबा, आई आली ते एका झटक्यात झालं म्हणून ओऽ. मनात आधी मराठी वाक्य म्हणून बघा, बहुतेक वेळा बरोबर येतं.

त्या शेवटच्या ऽ ची किंमत मला चांगली माहितीये. मेक्सिकोतल्या एका क्लायंटशी माझा पत्रव्यवहार असायचा, आणि एका मेलमध्ये मला लिहायचं होतं की आमच्या अकाउंटवाल्याने बिल भरलं, म्हणजे 'पागोऽ'. घाईत ओच्या डोक्यावरची ती तिरकी रेघ राहिली आणि झालं 'पागो', म्हणजे मी भरते! तिकडून लगेच उत्तर, छान, वाट बघतो. भरलेलं बिल मी परत भरणार असं त्यांनी धरलं आणि पुढचे चार मेल ते निस्तरण्यात गेले. आब्लो आणि आब्लोऽ, 'मी बोलते' आणि 'तो बोलला', मध्ये ती एवढीशी रेघ आहे बघा.

भविष्यकाळ मला स्वतःला सगळ्यात आवडतो कारण त्याचं बिंग फुटलेलं आहे. आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेमोस, आब्लारेऽइस, आब्लाराऽन. हे आख्खं मूळ क्रियापद 'आब्लार' आणि त्याला चिकटलेलं तेच मगाचचं आबेर : ए, आस, आ, एमोस, एइस (हे आबेऽइसचं आखूड रूप), आन. जुन्या लॅटिनच्या बोलीत 'बोलायचं आहे' अशा अर्थाने 'बोलणे' आणि 'असणे/जवळ असणे' शेजारी शेजारी ठेवायचे, बोलता बोलता ते चिकटले आणि भविष्यकाळ झाला. तसंच आब्लारला 'ईआ' चिकटवलं की आब्लारीआ, म्हणजे 'बोलले असते, बोलेन म्हणा' छापाचं. दोन रकाने एका दमात.

मग सुब्खुन्तीवो. सर बहुतेक 'शंका, इच्छा, भावना' अशी यादी देतात आणि यादीने कोणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. तुम्हाला आपलं शाळेतलं व्याकरण आठवतंय का, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ? त्यातला विध्यर्थ डोळ्यासमोर आणा. 'तू बोलतोस' ही नुसती माहिती झाली, 'तू बोलावंस' ही माझी इच्छा. पहिल्याला आब्लास, दुसऱ्याला आब्लेस. 'किएरो के आब्लेस', मला वाटतं तू बोलावंस. करायचं काय तर फक्त मधला आ काढून ए घालायचा : आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेऽइस, आब्लेन. आणि ज्या क्रियापदांत आधीच ए असतो, म्हणजे 'कोमेर' (खाणे) आणि 'विविर' (जगणे) ह्या दोन घराण्यांत, तिथे उलट आ घालायचा. 'विवा!' ही आरोळी ऐकलीये ना? ती हीच. विवे म्हणजे जगतो, विवा म्हणजे जगो, चिरायू होवो.

आता गंमत बघा, परक्या माणसाला मान देऊन बोलायचं तर स्पॅनिशमध्ये 'उस्तेद' म्हणतात आणि क्रियापद 'तो'चं लावतात, आणि विनंती करताना हेच सुब्खुन्तीवोचं रूप येतं, 'आब्ले उस्तेद'. आपण काय म्हणतो? 'आपण बोलावं'. डिट्टो! आणि पोराला सांगायचं तर 'आब्ला', बोल, पण गप्प करायचं तर 'नो आब्लेस'. हे रूप का बदललं म्हणून इंग्रजी मीडियमची मुलं हैराण होतात, आपण मात्र 'बोल' आणि 'बोलू नकोस' असं लहानपणापासून बदलतच आलोय.

सगळंच जुळतं असं मात्र नाही, दोन ठिकाणी मराठी दगा देते. एक, 'घरी पोचले की बोलेन'. आपण तिथे पोचलेच नाहीये तरी भूतकाळ वापरतो, स्पॅनिशला तिथे सुब्खुन्तीवो लागतो : 'क्वान्दो येगे आ कासा, आब्लारेऽ'. अजून घडलं नाही ना, मग आ-ए ची अदलाबदल. दुसरं 'जर-तर'. आपण दोन्हीकडे 'असतं' घालून मोकळे होतो, 'स्पॅनिश बोलता आलं असतं तर तिथे काम केलं असतं'. स्पॅनिशमध्ये जरच्या बाजूला 'आब्लारा' आणि तरच्या बाजूला '-रीआ' : 'सि आब्लारा एस्पान्योल, त्राबाखारीआ आयीऽ'. जरच्या बाजूला आब्लारीआ म्हटलंत की सर लाल पेन काढणार. मनाला लावून घेऊ नका, खुद्द स्पेनच्या उत्तरेला बास्क भागात आणि आजूबाजूला लोक सर्रास असं बोलतात आणि त्यांच्याही मास्तरांचे बोल खातात.

आणि हे आब्लारा कुठून आणायचं तर 'ते बोलले' म्हणजे आब्लारोन घ्या, रोन उडवा, रा लावा. बास. ही युक्ती इर्रेग्युलर क्रियापदांना पण चालते, ते मात्र पुढच्या वर्षी.

घोकायचंच असेल तर रकाना उभा घोकू नका, आडवा घ्या, एकाच माणसाचा : आब्लो, आब्लेऽ, आब्लाबा, आब्लारेऽ, आब्लारीआ, आब्ले, आब्लारा. बोलते, बोलले, बोलायचे, बोलेन, बोलले असते, बोलावं, बोलले असते तर. पोळ्या लाटता लाटता होतं.

प्रश्न : ताई, मी ज्या ॲपवर शिकतोय त्यात 'तुम्ही'चा आब्लाऽइस रकाना दाखवतच नाहीत, पण पुस्तकात आहे. पुस्तक जुनं का ॲप चुकीचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही बरोबर. हे 'बोसोत्रोस'चं रूप स्पेनमध्ये रोजच्या वापरात आहे, घरातल्या चार पोरांना 'तुम्ही' म्हणायला. लॅटिन अमेरिकेत पोरं असोत की साहेब, सगळ्यांना 'उस्तेदेस' आणि आब्लान. तुमचं काम मेक्सिको-कोलंबियाशी असेल तर आब्लाऽइस ऐकून कळलं तरी पुरे, स्पेनला जाणार असाल तर शिकावं लागेल. अर्जेंटिनावाले आणखी तिसरेच, ते 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात आणि आब्लासचं आब्लाऽस करतात, जोर शेवटी. पुन्हा तोच ऽ!

प्रश्न : तक्त्यात आब्लारा आणि आब्लासे असं दोन्ही लिहिलंय आणि शेवटी 'आब्लारे' नावाचं अजून एक भविष्याचं रूप आहे, ते सरांनी शिकवलंच नाही. सोडून देऊ का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : आब्लासे आणि आब्लारा एकच, बोलताना रा वालं जास्त कानावर पडतं, से वालं वाचताना ओळखलं की झालं. आब्लारे सरांनी शिकवलं नाही ते बरंच केलं, बोलीतून ते केव्हाच गेलंय, आता कायद्याच्या भाषेत आणि म्हणींत उरलंय. 'आदोन्दे फुएरेस, आस लो के विएरेस', जिथे जाशील तिथे जे दिसेल ते कर, म्हणजे आपलं देश तसा वेश. पण तुम्ही मडगावचे म्हणून सांगते, घरात कोणी जुनं पोर्तुगीज बोलणारं असेल तर त्यांना विचारा. आब्लार आणि पोर्तुगीज 'फालार' एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, स्पॅनिशने सुरुवातीचा फ घालवला, पोर्तुगीजने ठेवला, आणि स्पॅनिशमध्ये मेलेलं हे रूप पोर्तुगीजमध्ये अजून ठणठणीत आहे, 'बोललो की', 'बोललो तर' असं म्हणायला ते रोज वापरतात.