वाचनालयात उभ्याने काम करायचं काउंटर किती उंच ठेवावं?

भाऊ, अमळनेरच्या वाचनालयाचं देवघेव काउंटर नवीन बनवताय आणि सुतार सरसकट साडेतीन फूट म्हणतोय, तर थांबा जरा. साडेतीन फूट म्हणजे 107 सेंटिमीटर, उंच माणसाला चालून जाईल पण पाच फुटाच्या ताईंना दिवसभर खांदे वर करूनच लिहावं लागेल, संध्याकाळी मान धरणारच.

आधी कोपर मोजा. रोज जे उभे राहतात त्यांना नेहमीची चप्पल घालून सरळ उभं करा, हात काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. पुस्तक देणं-घेणं, रजिस्टर, बारकोड असल्या हलक्या कामाला वरची फळी कोपराच्या 5 ते 10 सेंटिमीटर खाली पाहिजे. शिक्के मारणं, पुठ्ठा चिकटवणं याला जोर लागतो म्हणून ते टेबल अजून खाली, कोपराच्या 15-20 सेंटिमीटर तरी खाली.

प्लाय कापायच्या आधी एक करा, साध्या टेबलावर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे रचा, वर फळी टाका आणि तिथंच तासभर खरं काम करू द्या, खांदे सैल पडेपर्यंत एकेक अंक काढत किंवा घालत जा, मग जी उंची येईल तीच सुताराला द्या.

आणि खाली पायाचे पंजे आत जातील एवढी 10 सेंटिमीटर खाच ठेवायला सांगाच, नाहीतर माणूस वाकूनच उभा राहतो. काउंटरचा एक भाग 75-80 सेंटिमीटरवर, खालून मोकळा ठेवा, लहान पोरं आणि व्हीलचेअरवाले तिथं येतील. शहाबादी फरशी असेल तर जाड रबरी मॅटही टाका.