दुर्बीण कपाटात राहिली तरी चालेल

अरे, पक्षी बघण्यात मन रमत नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवू नकोस. मीही दोन हिवाळे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात फिरकलो नव्हतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले काय, गेले काय, काहीच वाटायचं नाही. मग उत्साहाची वाट बघणं सोडलं. रोज सकाळी गोदाकाठी १० मिनिटं चालायचो, दुर्बीण न घेता, नोंदी न करता. पाऊल आधी पडतं, गोडी बऱ्याचदा मागाहून येते. कुणाला तरी सोबत घे मात्र. एकट्याने टाळाटाळ होते.

पण २ आठवडे कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना भेट, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, मराठीतही बोलता येतं. दवाखान्यात मी येतो सोबत.