लॅब मादीचं पहिलं मेटिंग: बारावा दिवस आणि कॅल्शियम

तुमचे प्रश्न दोन. १४ महिन्यांची लॅब (लॅब्रॅडॉर) मादी दुसऱ्यांदा हीटवर (माजावर) आलीय आणि ओळखीत केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागदांचा नर आहे, तर हीटच्या बाराव्या दिवशी मेटिंग करावं का? आणि कॅल्शियमचं टॉनिक आतापासून सुरू करावं का? दोन्हींना माझं उत्तर एकच: नको.

ही हीट सोडा. २०१७ च्या केंद्रीय श्वान प्रजनन नियमांत मादीचं वय किमान १८ महिने हवं, वर्षाला एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. मधल्या वेळात तपासण्या उरका. केसीआयच्या कागदावरून वंश कळतो, खुब्याचा सांधा निरोगी आहे का ते कळत नाही. खुबे आणि कोपरांचे एक्स-रे दोघांचेही हवेत. हीटमध्ये मात्र काढू नका, सांधे सैल दिसू शकतात. हीट संपल्यावर महिनाभराने काढा. डीएनएमध्ये निदान पीआरए (हळूहळू आंधळेपणा) आणि ईआयसी (जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडणं) बघा. मादी वाहक (सदोष जनुक आहे, पण स्वतः आजारी नाही) निघाली तर घाबरू नका, नर पूर्ण क्लिअर निवडा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के. मेटिंगआधी दोघांची ब्रुसेला (गर्भपात घडवणारा जंतू) टेस्ट करा, आणि आपल्याकडे गोचीड ताप इतका आहे की त्याचीही रक्ततपासणी करून घ्याच.

आता बारावा दिवस. हा आकडा कुणी पसरवला कोण जाणे. एखादी मादी नवव्या दिवशी बीज (अंडं) सोडते, एखादी अठराव्या. सहाव्या-सातव्या दिवसापासून एक दिवसाआड रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासा. मिलिलिटरमागे साधारण ५ नॅनोग्रॅमला बीज सुटतं, पण कुत्रीचं बीज कच्चं सुटतं. पिकायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणजे रविवारी ५ आला तर मंगळवारी आणि गुरुवारी मेटिंग. जोडी अडकली की दहा ते तीस मिनिटं तशीच राहते. ओढाताण केली तर दोघांनाही इजा होते. व्यायचा दिवस बीज सुटल्यापासून ६३ दिवसांनी, एखादा दिवस इकडेतिकडे. नुसत्या मेटिंगच्या तारखेवरून मोजलं तर आठवड्याचा घोळ होतो, आणि सिझेरियनची वेळ आली तर तोच महागात पडतो.

कॅल्शियमबद्दल जरा सविस्तर, कारण इथे भले भले चुकतात. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की हाडांतून कॅल्शियम काढणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते. मग व्याल्यानंतर दुधाची मागणी अचानक वाढते, ग्रंथीला वेळेवर जाग येत नाही आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, पिल्लं जोमात पीत असताना, मादी धापा टाकते, पिल्लांना जवळ घेत नाही, चाल ताठरते, मग थरथर आणि झटके. तेव्हा पिल्लं बाजूला काढून तडक डॉक्टरकडे न्या. शिरेतून कॅल्शियम हृदयाचे ठोके ऐकत सावकाश द्यावं लागतं. घरी इंजेक्शन टोचू नका. गाभणपणात शेवटचे तीन आठवडे हळूहळू चांगल्या पपी फूडवर आणलं की पुरे.

गाभणपणाच्या पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढून कवट्या मोजा, म्हणजे शेवटचं पिल्लू आत राहिलंय का ते कळेल. शेवटच्या आठवड्यात गुदद्वारातून तापमान घेत जा; ९९ फॅरेनहाइटखाली गेलं की बहुधा चोवीस तासांत व्यायला लागते. पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, अर्धा तास जोरदार कळा देऊनही पिल्लू आलं नाही, किंवा एक पिल्लू आल्यावर आत आणखी असताना दोन तास उलटले, तर थांबू नका, गाडी काढा.

पिल्लांची पेटी पहिला आठवडा २९ ते ३२ अंश सेल्सिअस ठेवा. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका, आधी ऊब द्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधा. रोज ठरल्या वेळी वजन लिहा. लॅबचं पिल्लू साधारण ४०० ग्रॅमचं जन्मतं, आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं, पण दहा टक्क्यांहून जास्त घट किंवा दुसऱ्या दिवशीही काटा न हलणं म्हणजे त्या पिल्लाला दूध मिळत नाहीये, मग ते कितीही शांत झोपलेलं दिसो.