फोन ब्लूटूथने लॅपटॉपला जोडला की क्षणभर 'कनेक्टेड' दिसतं आणि लगेच 'पेअर्ड' होतं, फोटो जात नाहीत. हेडफोनवर गाणी छान वाजतात, पण मीटिंगमध्ये आवाज बिघडतो. दुकानदार म्हणतो ब्लूटूथ कार्ड बदला. बदलू का?

नका बदलू. कार्ड गेलेलं असतं तर फोन यादीत दिसलाच नसता आणि हेडफोनवर गाणीही वाजली नसती. माझं रोजचं काम ऑफिसातल्या लोकांचे लॅपटॉप सांभाळण्याचं आहे. तुम्ही सांगितलेल्या या दोन्ही तक्रारी माझ्याकडे सारख्या येतात, आणि दोन्ही पैसे न खर्चता सुटतात.

आधी 'पेअर्ड' आणि 'कनेक्टेड' यांतला फरक सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांची एकमेकांशी झालेली ओळख. त्या वेळी एक गुप्त किल्ली तयार होते आणि दोन्हीकडे साठवली जाते. पुढचं प्रत्येक काम मात्र वेगळ्या प्रोफाइलने, म्हणजे त्या कामापुरत्या ठरलेल्या पद्धतीने चालतं: गाणी ऐकायची एक, कॉलची दुसरी, माउस-कीबोर्डची तिसरी, फाइल पाठवायची चौथी, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायची आणखी एक. दोन्ही बाजूंना तीच प्रोफाइल येत असेल तरच ते काम होतं. माउस किंवा हेडफोनला सतत काम असतं म्हणून तो 'कनेक्टेड' राहतो. तुमच्या फोनला लॅपटॉपशी त्या क्षणी काही कामच नाही, म्हणून जोडणी सुटते आणि फक्त 'पेअर्ड' उरतं. हा बिघाड नाही. फाइल पाठवायला लागलात की जोडणी आपोआप पुन्हा होते.

आता फोटो का जात नाहीत? विंडोजमध्ये लॅपटॉपला आधी 'मी घ्यायला तयार आहे' असं सांगावं लागतं, आणि ही पायरी फोनवर कुठेच लिहिलेली नसते. खाली उजवीकडे घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक करा. निळं ब्लूटूथचं चिन्ह दिसेल, त्यावर राइट क्लिक करून 'रिसीव्ह अ फाइल' निवडा. एक छोटी खिडकी उघडेल आणि वाट बघत थांबेल. ती उघडी ठेवूनच फोनवर फोटो निवडा, 'शेअर', मग 'ब्लूटूथ', मग लॅपटॉपचं नाव. पट्टी भरत जाईल. शेवटी ती खिडकी फाइल कुठे ठेवायची ते विचारते. तिथे 'फिनिश' दाबल्याशिवाय ती बंद करू नका, नाहीतर आलेली फाइल हाती लागत नाही. उलट दिशेने, म्हणजे लॅपटॉपवरून फोनवर पाठवायचं असेल तर त्याच चिन्हावर 'सेंड अ फाइल' आहे. त्या वेळी फोनवर 'अॅक्सेप्ट'ची सूचना येते, ती वेळेत दाबली नाही तर फाइल नाकारली जाते.

घरात कुणाकडे आयफोन असेल तर ही खटपट करू नका. आयफोनमध्ये फाइल पाठवायची ती प्रोफाइलच नाही, त्यामुळे विंडोज लॅपटॉपला ब्लूटूथने फोटो जाणारच नाहीत. तिथे केबल लावा आणि फोनवर 'ट्रस्ट' दाबा.

अँड्रॉइडवरही ब्लूटूथ दोन-चार फोटोंपुरतंच वापरा. फाइल पाठवणाऱ्या ब्लूटूथचा कागदोपत्री वेग सेकंदाला ३ मेगाबिट आहे, प्रत्यक्षात हाती जेमतेम २ लागतात. ४ एमबीच्या एका फोटोला पंधरा-वीस सेकंद, आणि लग्नाच्या १ जीबीच्या व्हिडिओला तासाच्या वर. त्यासाठी गुगलचं 'क्विक शेअर' लॅपटॉपवर टाका. ते समोरचं उपकरण ब्लूटूथने शोधतं, पण माल वायफायने नेतं.

हेडफोनचं दुखणं वेगळं आहे, आणि माझ्या मते लोक सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया घालवतात. गाणी ऐकताना जी प्रोफाइल चालते ती एकाच दिशेने जाते, लॅपटॉपकडून कानाकडे. ती स्टिरिओ असते आणि तिचं सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला असतं. मीटिंग सुरू झाली आणि हेडफोनचा माइक वापरात आला की हेडफोन कॉलच्या प्रोफाइलवर जातो. तिथे आवाज दोन्ही दिशांना न्यायचा असल्यामुळे तो मोनो होतो आणि सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्झवर येतं, जुन्या हेडफोनला तर ८ वर. पलीकडचा माणूस डब्यातून बोलतोय असं वाटतं ते यामुळेच. महागडा हेडफोन घेऊनही हेच होतं, म्हणून याच कारणासाठी नवा घेऊ नका.

उपाय सोपा आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये आवाजाच्या सेटिंगला जा. स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा, माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. हेडफोन परत गाण्यांच्या प्रोफाइलवर येतो आणि आवाज त्याच क्षणी मोकळा होतो, तुम्हाला कानाला कळेल. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनच्या दोन नोंदी दिसतात, एकीत 'स्टिरिओ' आणि दुसरीत 'हँड्सफ्री' लिहिलेलं असतं, तिथे 'स्टिरिओ' निवडा. खोलीत फार गोंगाट असेल आणि लॅपटॉपचा माइक चालणार नसेल, तर साधा वायरचा हेडफोन घ्या. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत हा प्रश्न मुळातून सोडवते, पण ती हेडफोन आणि लॅपटॉप दोघांनाही यावी लागते. खोक्यावर नुसतं 'ब्लूटूथ ५.३' छापलंय म्हणून ती असेलच असं नाही, दुकानात स्पष्ट विचारा.

हेडफोन लॅपटॉपच्या यादीत येतच नसेल तर बहुतेक वेळा फोनने तो आधीच धरलेला असतो. फोनचं ब्लूटूथ बंद करा, मग हेडफोनचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. नुसता चालू केलेला हेडफोन नव्या उपकरणाला दिसत नाही. विंडोज ११ मध्ये 'ब्लूटूथ डिव्हाइसेस डिस्कव्हरी' नावाची सेटिंग आहे, ती 'अॅडव्हान्स्ड' करून बघा, कारण नेहमीच्या सेटिंगला काही उपकरणं यादीत दाखवलीच जात नाहीत. आणि पूर्वी जोडलेलं उपकरण अचानक जुमानेनासं झालं तर ते दोन्हीकडून काढून टाका. एकाच बाजूने काढलं तर दुसरी बाजू जुनी किल्ली घेऊन बसते आणि जोडणी पुन्हा पुन्हा नाकारली जाते.

पेअरिंग करताना दोन्ही स्क्रीनवर सहा आकडी नंबर येतो. तो खरोखर जुळवून बघा. ऑफिसात किंवा वसतिगृहात आजूबाजूला एकाच कंपनीचे ढीगभर फोन असतात. तेव्हाच फोन कॉन्टॅक्ट्स आणि कॉलच्या नोंदी द्यायच्या का तेही विचारतो. फोटो पाठवायला त्याची काहीही गरज नाही, ती खूण काढून टाका. लॅपटॉपवरून फोनचे कॉल घ्यायचे असतील तरच द्या.

आवाज तुटत असेल तर ब्लूटूथ कुठल्या रेडिओ लहरींवर चालतं ते लक्षात घ्या. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलत गर्दीतून वाट काढतं. पण घरचं वायफायही त्याच पट्ट्यात असेल तर दोघांची ओढाताण होते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय असेल तर लॅपटॉप त्यावर न्या. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क शेजारी लावलेली असली तरी तिच्या केबलमधून याच पट्ट्यात गोंगाट होतो. ती लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा.

कार्डाचा संशय घ्यायचाच तर विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी, उघडा. 'ब्लूटूथ' नावाचा गट तिथे दिसतोय तोवर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून बघा. गटच गायब असेल तर लॅपटॉप रीस्टार्ट न करता पूर्ण शटडाउन करा, थोडा वेळ थांबून चालू करा. अडकलेलं कार्ड एवढ्यानेही परत येतं. घरी डेस्कटॉप असेल तर मागची बाजू बघा. वायफाय-ब्लूटूथ असलेल्या मदरबोर्डला मागे दोन सोनेरी आट्यांच्या खुंट्या असतात, त्यांवर अँटेना पिरगाळून बसवायचे असतात. पुष्कळदा ते मदरबोर्डच्या खोक्यात पिशवीतच पडून असतात आणि ब्लूटूथ हातभर अंतरावरही चालत नाही. यातलं काहीच लागू पडलं नाही तरच यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे पोर्टात खुपसायचं छोटं ब्लूटूथ, घ्या. लॅपटॉप न उघडता काम होतं. फक्त वायरलेस माउसबरोबर आलेला डोंगल यासाठी चालत नाही, तो त्या माउसपुरताच असतो. नवा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी खुपसू नका, छोटी एक्स्टेन्शन केबल लावून थोडा बाजूला ठेवा.