गार्डमध्ये झोपू नकोस, बस

तू लिहिलंयस की सात वर्षं कुस्ती केलीस, आता नो-गीत (गी म्हणजे जाड जाकीट न घालता खेळायच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूत) गार्ड घेऊन, म्हणजे खाली राहून पायांनी समोरच्याला अडवत, बसलास की समोरचा लगेच पाय बाजूला सारून पास करतो, म्हणजे पायांना ओलांडून पुढे येतो, आणि गी नसल्याने पकडायला काहीच मिळत नाही. माझ्या मते अडचण पकडीची नाही. तू फार लवकर मागे झोपतोस. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपतो. इथे पाठ टेकलेली चालते म्हटल्यावर सगळेच पैलवान सुरुवातीला आडवे होतात.

बटरफ्लाय या बसून घ्यायच्या गार्डपासून सुरुवात कर. बूड जमिनीवर, छाती पुढे, दोन्ही पावलं त्याच्या मांड्यांच्या आतून अडकवलेली. पण पाय नंतर. आधी एक हात त्याच्या काखेतून पाठीवर जाऊ दे आणि कपाळ त्याच्या हनुवटीखाली रोव. घामाने मनगट निसटतं, काखेतला हात सहजी निसटत नाही. उभ्याने तू यासाठीच झगडत आलायस, तेच आता बसून करायचंय.

समज, तुझा उजवा हात त्याच्या डाव्या काखेत आहे. डाव्या हाताने त्याचा उजवा दंड कोपराजवळ धरून छातीशी आवळ, म्हणजे त्याला तो हात जमिनीला टेकता येणार नाही. मग डावा पाय दुमडून घे, डाव्या खांद्यावर पड आणि उजव्या पावलाने त्याची मांडी उचल. सरळ मागे पडलास तर त्याचं सगळं वजन तुझ्या अंगावर येतं. मी कित्येक महिने तसाच पडायचो आणि पायांत ताकद नाही असं समजून बैठका वाढवत राहिलो.

तो बूड टाचांवर टाकून मागे सरला तर उचलायचा हट्ट सोड. त्याच्याबरोबरच उठ आणि एकेरी पट काढ, म्हणजे त्याचा एक पाय धरून पाड. हे तुला इथल्या बहुतेकांपेक्षा चांगलं जमेल.

ब्राझीलचा जिउ-जित्सू खेळाडू मार्सेलो गार्सियाच्या लढती जरूर बघ. २००३, २००५, २००७ आणि २०११ ला एडीसीसी या गीशिवायच्या मोठ्या जागतिक स्पर्धेत ७७ किलो गटाचं सुवर्ण त्याचं, आणि २००७ ला तो खुल्या गटाच्याही अंतिम फेरीत पोचला होता. बघताना त्याच्या पायांपेक्षा डोकं कुठे आहे ते बघ.

या आठवड्यात जोडीदाराला समोर गुडघ्यांवर बसव आणि दोन-दोन मिनिटं फक्त अंडरहुकसाठी, म्हणजे काखेतून हात घालण्यासाठी, झगडा. स्वीप, म्हणजे खालून उलटवणं, नाही. हात काखेत गेला की थांबा, सुटा, पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही बाजूंनी करा, डावीकडून नक्की जड जाईल.