मदरबोर्ड दोनदा बदलून झाला, तरी लॅपटॉप पुन्हा बंद. दुरुस्तीच करत बसायचं की बदलून मागता येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपला वर्ष होत आलंय, मदरबोर्ड दोनदा बदलला, आता पुन्हा चार्जिंग बंद, सर्व्हिस सेंटरवाले "आणून टाका, बघतो" म्हणतायत आणि वॉरंटीचे थोडेच दिवस उरलेत. पुन्हा दुरुस्तीला द्यावा, नवा मागावा, की सरळ विकून मोकळं व्हावं?

नवा मागता येतो. मला मिळाला आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की त्या कंपनीचे भक्त आणि विरोधक खाली भांडत बसतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

मेख कुठे आहे ते आधी सांगते. तुमच्या लेखी हे एकच रडगाणं वर्षभर चालू आहे. कंपनीच्या सिस्टीममध्ये मात्र त्या वेगवेगळ्या केसेस आहेत, आधीच्या दोन्ही 'क्लोज्ड', आणि क्लोज्ड याचा त्यांच्या लेखी अर्थ ग्राहकाची तक्रार मिटली. काउंटरवरचा मुलगा "सर, आमच्याकडे तसं दाखवत नाहीये" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो, त्याच्या स्क्रीनवर खरंच तेवढंच दिसतं. म्हणून मशीन नुसतं नेऊन टाकू नका. या सगळ्या केसेस मिळून एकच बिघाड आहे, हे आधी कागदावर आणा. बदलून मिळणार की नाही ते तिथेच ठरतं.

जॉबशीटपासून, म्हणजे मशीन जमा करताना सेंटरवाले देतात त्या कागदापासून, सुरुवात करा. आपण ती पावती समजून घडी घालून खिशात टाकतो, पण उद्या भांडायची वेळ आली तर पुरावा तोच. मी पुण्यात नारायण पेठेत राहते, लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न्स भरायची कामं करते. माझं मशीन पहिल्यांदा ठप्प झालं ते ऐन जुलैत, म्हणजे तारीख तोंडावर असताना. बोर्ड बदलला. काही आठवड्यांनी पुन्हा तेच, पॉवर बटण दाबलं तर दिवासुद्धा नाही. दुसऱ्यांदा मशीन परत आलं तेव्हा जॉबशीटवर लिहिलं होतं, 'सिस्टीम स्लो, ओएस रिइन्स्टॉल्ड'. मेलेल्या मशीनला स्लो कसं म्हणतात हे मला आजवर कळलेलं नाही. पण त्या एका ओळीमुळे कंपनीच्या हिशेबी माझा हार्डवेअरचा बिघाड एकदाच झाला होता, दुसरा सॉफ्टवेअरचा! ती ओळ दुरुस्त करून घेण्यासाठी मला पहिल्या बिघाडापेक्षा जास्त फोन करावे लागले.

तेव्हा मशीन देताना तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, वाचा, मगच सही करा. नुसतं 'चार्ज होत नाही' पुरत नाही. 'कंपनीचाच चार्जर लावला तरी दिवा लागत नाही, सेंटरमधल्या दुसऱ्या चार्जरवरही तेच, याच कारणासाठी अमुक तारखेला अमुक केस नंबरवर बोर्ड बदलला होता' एवढं हवं. रकान्यात जागा नाही म्हणाले तर मागच्या बाजूला लिहायला सांगा. परत घेताना सर्व्हिस रिपोर्ट मागा, त्यात कुठला पार्ट काढला आणि कुठला घातला ते नंबरासकट आलं पाहिजे. बदललेला बोर्ड पुष्कळदा कोरा करकरीत नसतो, दुरुस्त करून ठेवलेला असतो. वॉरंटीच्या अटींत तशी सोय त्यांनी आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे त्यावरून काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. पण एकाच मशीनमध्ये असे बोर्ड पाठोपाठ गेले, हा मुद्दा पुढे तुमच्या कामी येतो.

'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा मारून मशीन परत आलं तर? मधूनच होणाऱ्या बिघाडात हे हमखास होतं. घरी बिघाड दिसला की लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढा. तळाचं सीरियल नंबरचं स्टिकर आणि बंद पडलेलं मशीन एकाच शॉटमध्ये, मध्ये न कापता. विंडोज चालू होत असेल तर त्यात रिलायबिलिटी मॉनिटर नावाची सोय असते, कुठल्या दिवशी काय कोसळलं याचा तारीखवार तक्ता ती दाखवते. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. बऱ्याच मशीनमध्ये विंडोज सुरू होण्याआधीच चालणारी कंपनीची स्वतःची हार्डवेअर तपासणीही असते. तिने दिलेला एरर कोड टिपून ठेवा. कंपनीच्याच चाचणीने कोड दिला असेल तर "एकदा फॉरमॅट मारून बघू" हे वाक्य पुढे येत नाही. आलं तर कोड पुढे करा.

देण्याआधी मशीनचे फोटो काढा: चारही कोपरे, बिजागऱ्या, स्क्रीन, पोर्ट, तळाचे स्क्रू. 'फिजिकल डॅमेज' आणि 'लिक्विड डॅमेज' हे दोन शिक्के एकदा बसले की वॉरंटी गेली म्हणूनच समजा. पावसाळ्यात मशीन नेणार असाल तर प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून न्या. आतमध्ये पाणी लागलं की रंग बदलणारी छोटी स्टिकर असतात, जंगली महाराज रोडच्या सिग्नलवर भिजलेली बॅग त्यांना पुरते.

आता विजेचं. बोर्ड पुन्हा गेला की सेंटरवाले हमखास म्हणतात, "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल." ते तोडून टाकू नका, तपासून घ्या. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असतं, पण अर्थची तार कुठेच जोडलेली नसते. तीन पिनचा चार्जर लावलेला असताना धातूच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर पहिला संशय तिथेच घ्या. इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटर घेऊन बोलवा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आलं तर ठीक. खरा घातक प्रकार म्हणजे इमारतीच्या थ्री-फेज पुरवठ्यात सैल झालेला न्यूट्रल, तेव्हा एखाद्या घरात व्होल्टेज चारशेच्या दिशेने जाऊ शकतं. पण तसं झालं असतं तर तुमचा टीव्ही, राउटर, फ्रिज यांनीही माना टाकल्या असत्या. स्टॅबिलायझर घ्या म्हणणारे भेटतील, त्याची गरज नाही. चार्जरवरच १०० ते २४० व्होल्ट चालतील असं छापलेलं असतं. माझ्याकडे अर्थिंग खरंच नव्हतं, ते करून घेतलं, इलेक्ट्रिशियनकडून बिलावर रीडिंग लिहून घेतलं, आणि त्यानंतरही बोर्ड गेला. मग तो कागद मेलला जोडल्यावर विजेची सबब कोणी काढली नाही.

डेटाबद्दल दोनच गोष्टी. बॅकअप घेतल्याशिवाय मशीन हातातून सोडू नका, 'डेटाची जबाबदारी आमची नाही' ही ओळ जॉबशीटवर छापलेलीच असते. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. पुष्कळ विंडोज ११ मशीनमध्ये ते न विचारताच चालू झालेलं असतं. बोर्ड बदलला की त्यावरची सुरक्षेची चिप बदलते आणि मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधीच कागदावर उतरवून ठेवा. बोर्ड बदलून आल्यावर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची मशीनची स्वतःची सेटिंग्ज) जाऊन सीरियल नंबर तळाच्या स्टिकरशी जुळतो का तेही पाहा. सेंटरवाले नंबर घालायला विसरले असतील तर पुढच्या वेळी "हे मशीन आमच्या वॉरंटीतच नाही" असं ऐकावं लागेल.

मग मेल. सेंटरला नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला, आणि वॉरंटी संपायच्या आत. हा मेल आज रात्रीच लिहा. वर मॉडेल, सीरियल नंबर, खरेदीची तारीख, खाली प्रत्येक बिघाडाची तारीख, केस नंबर, बदललेला पार्ट आणि मशीन किती दिवस त्यांच्याकडे पडून होतं. शेवटी एकच मागणी: हा पुन्हा पुन्हा होणारा बिघाड आहे, दुरुस्तीने जात नाही, बदलून द्या किंवा पैसे परत करा, अमुक तारखेपर्यंत लेखी कळवा. 'लवकरात लवकर काहीतरी करा' असं लिहिलंत तर काहीतरीच करतील, म्हणजे आणखी एक बोर्ड बसवतील. इंग्रजीत लिहा, मुद्द्याचं लिहा, शिव्या मराठीत मनातल्या मनात द्या. फोनवर काहीही ठरलं तरी "आत्ता आपलं असं बोलणं झालं" एवढा दोन ओळींचा मेल मागोमाग पाठवा.

तुम्ही मेलमध्ये दिलेली मुदत टळली तर १९१५ वर फोन करा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्याशी थेट जोडलेल्या आहेत आणि तिथून आलेली तक्रार काउंटरपेक्षा वरच्या माणसाच्या टेबलावर पडते. माझं गाडं तिथेच हललं. तोवर "पार्ट पेंडिंग आहे" एवढंच सांगणाऱ्या कंपनीकडून एका बाईंचा फोन आला आणि त्यांनी पहिल्यांदाच सगळा इतिहास एका दमात वाचून दाखवला. अर्थात माझ्याच मेलमधून.

तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक याला उगाच घाबरतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे लॅपटॉप ऑनलाइन घेतला असला आणि विक्रेता बेंगळुरूचा असला तरी तक्रार पुण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत, नुकसानभरपाई, यातलं काहीही आयोग द्यायला लावू शकतो. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही तक्रारीत प्रतिवादी करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वेळ मात्र लागतो. कायद्यात तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने असं म्हटलंय, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त धरून चाला. म्हणूनच आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पुष्कळ प्रकरणं त्या नोटिशीवरच मिटतात. मसुद्याला मदत हवी असेल तर ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना विचारा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ती पुण्यातच सुरू केली, म्हणजे देशात १९८६ चा ग्राहक कायदा आला त्याच्या बारा वर्षं आधी.

इथे माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. "तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहक नाही" असा मुद्दा कंपनीचे वकील काढतात. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्याने 'धंद्यासाठी' धरली जात नाही, म्हणजे तुम्ही ग्राहकच. फर्मच्या नावावर बिल असेल तर मात्र आधी कोणाला तरी दाखवून घ्या.

बदलून देतो म्हणाले की लगेच हरखून हो म्हणू नका. नवं की रिफर्बिश्ड (वापरलेलं, दुरुस्त केलेलं), तेच मॉडेल की पुढचं, रॅम आणि एसएसडी किती, आणि वॉरंटी नव्याने सुरू होणार की जुनीच पुढे चालणार, हे मेलवर मागा. मला आधी तेच मॉडेल देऊ केलं होतं. मी नको म्हटलं, थोडी वाट पाहिली, पुढचं मॉडेल आलं.

विकण्याचं म्हणाल तर आत्ता विकू नका. बिघाड सांगून विकलंत तर भंगाराचा भाव येईल, लपवून विकलंत तर हेच सगळं दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडेल. आणि 'चिप-लेव्हल रिपेअरिंग'च्या पाट्या तापकीर गल्लीच्या आसपास दिसतील, त्यांच्याकडे वॉरंटी असेपर्यंत मशीन उघडू देऊ नका. त्यातले काहीजण खरोखर हुशार आहेत, सेंटर अख्खा बोर्ड बदलायला सांगतं तिथे ते मायक्रोस्कोपखाली एखादी जळकी चिप काढून काम भागवतात. पण ते वॉरंटी संपल्यावर, आणि कंपनीने लेखी नकार दिल्यावर.