पणजोबांच्या वहीतलं अक्षर लागत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर लाल बासनात बांधलेल्या पणजोबांच्या वह्या आणि सुटे कागद सापडले. अर्धी पानं मोडी लिपीत, अर्धी देवनागरीत. मोडीचा तक्ता छापून शेजारी ठेवला तरी एक ओळ लागत नाही. आता पुढे काय, असा तुमचा प्रश्न आहे.

तक्ता बाजूला ठेवा. मी आमच्या घरची वही वाचायला घेतली तेव्हा पंधरा दिवस तक्ता आणि वही, वही आणि तक्ता असं करत बसले होते आणि हाती काहीच लागलं नव्हतं. तक्त्यात प्रत्येक अक्षर सुटं, आपल्या चौकोनात नीट बसलेलं असतं. वहीत तसं एकही नसतं. मोडी लिहिणारा आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायचा आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरामागून अक्षर लिहीत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे डोळ्याला धरायला काही सापडतच नाही.

म्हणून मोडी डोळ्यांनी नव्हे, हातानं वाचायला शिकावी, असं माझं ठाम मत आहे. पानाचा फोटो मोठा करून छापा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिलीनं पणजोबांचा हात गिरवा. लेखणी कुठून सुरू झाली, कुठे वळली, कुठे घाईनं पुढच्या अक्षरात शिरली, हे गिरवताना कळतं. बोरूनं, म्हणजे काडी कापून केलेल्या लेखणीनं, लिहिलं असेल तर रेघेची जाडी बदलते आणि वळण ओळखणं सोपं जातं. पुढे निबाचा टाक आला तेव्हा रेघ बारीक आणि एकसारखी झाली. ती पानं जास्त छळतात, म्हणून सुरुवात जुन्या, जाड अक्षराच्या पानांपासून करा. रोज पाच-सहा ओळी पुरे.

गिरवायला कोणती ओळ घ्यायची? जिच्यात काय असणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे ती. तुमचं आडनाव, गावाचं नाव, पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव. कागदाच्या शेवटी 'दस्तुरखुद्द', म्हणजे 'स्वतःच्या हातचं', असेल तर त्याच्या आगेमागे सही सापडेल. 'वल्द' किंवा 'बिन' या शब्दानंतर बापाचं नाव येतं, 'साकीन'नंतर गाव. या ठाऊक शब्दांतून जी दहा-बारा अक्षरं मिळतील, त्यांचा तुमचा स्वतःचा तक्ता करा. एका वहीत प्रत्येक अक्षराला एक पान द्या आणि पणजोबांनी ते जितक्या तऱ्हांनी काढलंय त्या सगळ्या तऱ्हा त्यावर उतरवा. छापील तक्ता सगळ्यांचा असतो, हा फक्त त्यांच्या हाताचा होईल.

आमच्या वहीत एक ओळ होती, तिच्यावर माझे दोन महिने गेले. ती मी 'आत्याबाई सहा ती रुपये ५' अशी वाचत होते. सहा कोण? सहा काय? मग एकदा मोठ्यानं वाचताना जीभ दुसरीकडे तुटली: 'आत्याबाईस हाती रुपये ५'. हाती, म्हणजे रोख, त्यांच्या हातात दिलेले. आमच्या घरात या आत्याबाईंचं नाव कधी कुणी घेतलेलं नव्हतं. वंशावळीत त्या नव्हत्या. पण वहीत दर महिन्याला होत्या, पाच-पाच रुपये, हाती. शके १८४० च्या भाद्रपदापर्यंत. आश्विनात ती ओळ नाही, पुढेही कुठेच नाही.

शके १८४० चा आश्विन म्हणजे इसवी सन १९१८ चा ऑक्टोबर. आमच्या गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल मी तहसील कार्यालयातून काढली. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वर एकदा 'ताप' आणि त्याखाली 'कित्ता, कित्ता, कित्ता'. पहिल्यांदा मला ते कुणाचं तरी आडनाव वाटलं होतं. कित्ता म्हणजे 'वरीलप्रमाणे'. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं मध्य प्रांतात घरंच्या घरं नेली, आणि गावच्या नोंदीत तो बहुतेक 'ताप' एवढाच उरला. अशाच एका 'कित्ता'समोर आमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव होतं, आणि त्याच्या आधी 'मुलगी'. म्हणून सांगते, ओळ अडली की मोठ्यानं वाचा आणि दर वेळी वेगळ्या जागी तोडून पाहा.

आता एक फसवी खूण. ॥ या दोन दंडांची मोडीत दोन कामं असतात. शब्दापुढे आले तर तो शब्द तोडून लिहिलाय: मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे. आकड्यापुढे आले तर तो अर्धा: ५॥ म्हणजे साडेपाच. एक दंड पाव, तीन दंड पाऊण. रुपयांच्या हिशेबात हेच चार आणे, आठ आणे, बारा आणे होतात. एकूण बेरीज जुळते का ते पाहा. जुळली तर आकडे तुम्ही बरोबर वाचलेत, याहून चांगली परीक्षा नाही.

वर्षांचं थोडक्यात सांगते. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, पौषापासून पुढच्या तारखा बहुधा ७९ नं जमतात. महसुली कामातल्या फसली सनात ५९०, एखाद्या वर्षाचा फरक धरून. मालगुजारीच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, पावत्यांवर हेच वर्ष भेटेल. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, त्याच्या आधीचा कागद असेल तर मराठी राजवटीत चालणारा सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असू शकतो. 'खमस सितैन मया व अलफ' म्हणजे पाच, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६५. त्यात ५९९ मिळवले की १७६४.

देवनागरी पानं सोपी वाटतात आणि तिथेच चूक होते. जुन्या हातात 'ख' हा 'रव' दिसतो, १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. शिवाय आपल्याकडच्या महसुली कागदांत मराठी, हिंदी आणि फारसी शब्द एकाच ओळीत नांदतात. शब्द मराठीत बसत नसेल तर तो चुकीचा वाचलाय असं लगेच ठरवू नका, हिंदीतही शोधून पाहा. सहीच्या जागी नांगराचं चित्र दिसलं तर ती खोडी समजू नका. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची ती निशाणी आहे.

मोबाइलवरच्या यंत्राला विचारायचा मोह होईल. मीही विचारलं. त्यानं वाक्यं सुरेख दिली, पण त्यातली नावं कागदावर नव्हतीच. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे टंकायला आता छान सोय आहे, त्यासाठी जरूर वापरा. पण पणजोबांच्या बहिणीचं नाव यंत्राच्या भरवशावर वंशावळीत लिहू नका. आणि हे कागद जातपडताळणीसाठी किंवा जमिनीच्या कामासाठी लागणार असतील तर तुमचं-माझं वाचन चालणार नाही, अधिकृत लिप्यंतरकाराकडूनच करून घ्या.

शिकायचं असेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्याचं कार्यालय नागपुरातही आहे, तिथे चौकशी करा. विदर्भ संशोधन मंडळातही जुनी कागदपत्रं जाणणारी माणसं भेटतात. जाताना अख्खी वही नेऊ नका, अडलेल्या चार ओळींचे फोटो न्या, आणि त्या ओळींच्या वरचं-खालचं थोडं पानही त्यात येऊ द्या. तुटक शब्द जाणत्यालाही लागत नाही.

आणि हे आजच करा: वह्या कूलरच्या वाऱ्यातून उचला. जुनी शाई काजळ आणि डिंकाची असते, ओल लागली की पसरते. ओला फडका नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. सकाळी आठच्या सुमारास, खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा, सावलीत पान ठेवून फोटो काढा. फिकट शाईसुद्धा त्या उजेडात उठून दिसते. पहिल्या पानावर मधोमध 'श्री' असेल. ती तुम्हाला वाचता येईलच, पेन्सिल तिथूनच टेकवा.